उलांडीची शिडाची होडी घरी कशी बांधावी आणि कशी हाकावी

कोकणच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा एक ओंडका बांधलेला दिसतो. ती उलांडी. होडी अरुंद असली की पाणी सहज कापते, पण स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला उभी ठेवण्याचं काम उलांडी करते. श्रीलंकेतल्या ओरूपासून हवाई बेटांवरच्या होड्यांपर्यंत हीच युक्ती चालत आली आहे. पूर्वी आपल्याकडे आंब्याचा बुंधा कोरून खालचा भाग करत, त्यावर काथ्याने फळ्या शिवत. आज तसा बुंधा मिळणं कठीण आहे आणि मिळाला तरी तो तोडू नये असं मला वाटतं. प्लायवूड, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून होणारा पक्का डिंक) आणि माणगा बांबू वापरून दोन माणसांना अंगणातल्या मांडवाखाली चांगली होडी बांधता येते.

या लेखातली होडी खाडीसाठी आणि शांत दिवशी किनाऱ्याजवळ फिरण्यासाठी आहे. लांबी जवळपास १६ फूट, माणसं एक किंवा दोन, शीड ६० चौरस फूट. खोल समुद्रात जाण्यासाठी ती नाही.

लाकूड कापण्याआधीचा हिशेब

लोक होडीच्या अंगावर महिनोन्‌महिने घालवतात आणि उलांडी शेवटच्या दुपारी बांधून टाकतात. खरं तर सगळी मदार उलांडीवर असते, म्हणून सुरुवात तिथून करू.

आपली उलांडी ८ फूट लांब आणि मध्यभागी ७ इंच रुंद व ७ इंच उंच अशी प्लायवूडची बंद पेटी आहे. दोन्ही टोकं निमुळती धरली तर तिच्यात सुमारे ५० लिटर हवा राहते. म्हणजे ती पूर्ण बुडेपर्यंत पाणी तिला ५० किलोच्या जोराने वर ढकलतं. तिचं स्वतःचं वजन १० ते १२ किलो वजा केलं की सुमारे ४० किलो उरतात. होडीच्या मध्यापासून ती २ मीटरवर बांधली, तर ४० गुणिले २ म्हणजे ८०. उलांडी वाऱ्याआड, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध अंगाला, असताना होडीला आधार देणारं बळ हे.

आता शिडाकडून येणारा जोर. ताशी २२ किलोमीटरच्या वाऱ्यात ६० चौरस फुटांच्या शिडावर आडवा जोर सुमारे १४ किलोचा पडतो आणि तो साधारण २ मीटर उंचीवर लागतो. गुणाकार २८. हीच उलांडी वाऱ्याकडे असली तर तिला खाली धरून ठेवतं ते फक्त तिचं आणि दांड्यांचं वजन, समजा १५ किलो. गुणिले २ म्हणजे ३०. म्हणजे या वाऱ्यात ती पाणी सोडण्याच्या बेतात असते. एक माणूस दांड्यावर मीटरभर बाहेर सरकला की आणखी ६० ते ६५ ची भर पडते आणि होडी निवांत चालते.

वारा दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. ताशी ३३ किलोमीटरला २८ चे ६३ होतात, आणि वाऱ्याआड असलेली उलांडी जवळजवळ पुरती पाण्यात जाते. म्हणून पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की शीड लहान करायचं. हा नियम या आकड्यांतून आला आहे. उलांडी लांब नेली किंवा मोठी केली तर आधार वाढतो, पण दांड्यांवर ताणही तितकाच वाढतो आणि मग माणगाही मोडतो. त्यामुळे वर दिलेली मापं सहज बदलू नका.

सामान

प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचं मरीन, ६ मिमी जाडीचं, ८ बाय ४ फुटांचे चार तक्ते. शिक्क्यावर पूर्ण विसंबू नका. कोपऱ्याचा तुकडा कापून चार तास पाण्यात उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले किंवा कड फुगली तर तो माल परत करा. आतल्या थरात पोकळ्या आहेत का हे कापलेल्या कडेवरून दिसतं. पोकळी असेल तिथेच वाकवताना फळी मोडते.

चिकटवण्यासाठी इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण ते लाकडाला नीट धरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. इपॉक्सी, २ इंची फायबर ग्लासची पट्टी, तळासाठी फायबर ग्लासचं कापड, बारीक तांब्याची तार, सागाच्या पाऊण इंची पट्ट्या, ५ मिमीचा पॉलिएस्टर दोर. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो, तो बांधणीला घेऊ नका.

होडीचं अंग

दोन तक्ते लांबीला जोडून १६ फुटांचा एक तक्ता करायचा. दोन्ही कडा तिरप्या तासा. ६ मिमी जाडीला ४८ मिमी उतार, म्हणजे आठपट. कडा एकमेकींवर पडतील अशा ठेवून इपॉक्सीने चिकटवा, वरून प्लास्टिकचा कागद आणि जड वजन. दुसऱ्या दिवशी लांबी १५ फूट १० इंच भरते.

या ४ फुटी रुंदीतून १६ इंचांच्या दोन बाजू आणि १४ इंचांचा तळ निघतो. दोन इंच करवतीसाठी उरतात. बाजूंची टोकं तिरकी कापा, म्हणजे खालची कड दोन्हीकडून एकेक फूट आत येईल. तळ आताच आकारात कापू नका.

खऱ्या लाकडाला करवत लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करा, एका फुटाला एक इंच. दोन सरळ पट्ट्या टोकांना चिकटवून मधे चौकट घातली की खालची कड आपोआप कमानीसारखी उचलली जाते, हे हातात घेतल्याशिवाय पटत नाही. खऱ्या होडीत ही उचल दोन-अडीच इंच येते आणि तिच्यामुळेच होडी चटकन वळते.

आता खरी बांधणी. मधल्या तात्पुरत्या चौकटीचं माप तळाशी साडेतेरा इंच, वर २१ इंच, उंची साडेपंधरा इंच. बाजूंच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत छिद्रं पाडा, सहा-सहा इंचांवर. टोकांजवळ वाक जास्त म्हणून तीन-तीन इंचांवर. दोन्ही टोकं तारेने शिवा, मधे चौकट बसवा. होडी उलटी करून तिच्यावर तळाची फळी ठेवा, खालून पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेच्या थोडं बाहेरून कापा. मग तळ शिवून घ्या. तारा पिळताना एकदम घट्ट करू नका. सगळीकडून थोडं थोडं करत दोन फेऱ्या मारा.

चिकटवण्याआधीचं एक काम कधीही टाळू नका. दोन्ही टोकांना मध्यरेषेवर सुतळी ताणा आणि दोन सपाट पट्ट्या होडीवर आडव्या ठेवा, एक पुढे, एक मागे. मागून डोळा लावून पाहा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर अंगाला पीळ आहे. या टप्प्याला एक तार सैल करून तो जातो. इपॉक्सी सुकल्यावर जात नाही.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, डिजिटल काट्यावर मोजून. अंदाजाने वाढवलेल्या हार्डनरने, म्हणजे सुकवणाऱ्या दुसऱ्या द्रवाने, ते लवकर सुकत नाही, कच्चं राहतं. कोकणातल्या उकाड्यात कालवलेलं इपॉक्सी भांड्यात स्वतःच्याच उष्णतेने तापून दगड होतं. म्हणून एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच घ्या आणि पसरट थाळीत ओता. सकाळी काम करा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात दमट हवेने वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही. हातमोजे आणि घासताना मास्क रोज, कंटाळा न करता. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते.

आतल्या सांध्यात इपॉक्सीत लाकडाची बारीक भुकटी कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि चमच्याच्या पाठीने गोलसर भरा. प्रथम तारांच्या मधे मधे भरायचं, सुकल्यावर तारा काढायच्या, मग पूर्ण सांधा भरून त्यावर फायबरची पट्टी. बाहेरून कडा गोल घासून पट्टी, आणि तळावर पूर्ण कापड. खडकावर, वाळूत घासला जाणारा भाग तोच.

टोकांपासून साडेतीन फुटांवर दोन्हीकडे आडव्या भिंती घालून वरून झाका. त्यांची मापं कागदावरून घेऊ नका, शिवलेल्या अंगात पुठ्ठा बसवून घ्या. या दोन बंद कप्प्यांमुळे होडी पाण्याने भरली तरी तरंगते. हवा तापून फुगते, म्हणून प्रत्येक कप्प्याला फिरकीचं झाकण ठेवा. किनाऱ्यावर आल्यावर ते उघडायचं.

काठाला बाहेरून सागाची पट्टी, मधे मधे लाकडी ठोकळे ठेवून, म्हणजे त्या फटींतून दोर ओवता येतो. आतून-बाहेरून इपॉक्सीचे दोन हात, आणि त्यावर रंग. उन्हात उघडं राहिलेलं इपॉक्सी पिवळं पडून भुगा होतं, तेव्हा रंग हा शोभेचा भाग समजू नका.

उलांडी आणि दांडे

उलांडी तिसऱ्या तक्त्यातून निघते: ७ इंची चार पट्ट्या, तशाच शिवून चिकटवलेल्या, आत दोन-दोन फुटांवर आडव्या भिंती. दांडे जिथे टेकणार तिथे आतून जाड ठोकळा लावायला विसरू नका. पेटी बंद झाली की तो लावता येत नाही. पूर्वी यासाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घेत आणि अजूनही ते चालतं, पण ते पाणी पिऊन जड होतं आणि अधूनमधून बाहेर काढून वाळवावं लागतं.

दांड्यांसाठी सिंधुदुर्गातला माणगा. हा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याच्यासारखा वाकून परत सरळ होणारा दुसरा स्वस्त माल माझ्या माहितीत नाही. तीन-चार वर्षं वयाचा, हिवाळ्यात तोडलेला, बुंध्याशी अडीच इंचांचा, ९ फुटांचे दोन नग. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर भुंगा लागतो. बांबूला छिद्र पाडायचं नाही. बोल्ट घातला की त्याच जागी तो उभा चिरतो.

पुढचा दांडा नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, साडेपाच फुटांवर, मागचा साडेदहा फुटांवर. उलांडी थोडी पुढे सरकवून ठेवा, म्हणजे पुढच्या दांड्यापुढे दोन फूट आणि मागच्याच्या मागे एक फूट.

दांडे होडीच्या काठावर असतात आणि उलांडी खाली पाण्यात, त्यामुळे मधे छोटे खुंट लागतात. त्यांची उंची कोरड्यावर ठरवू नका. होडी कमरेइतक्या पाण्यात न्या, दोघांनी आत बसा, तिसऱ्याने उलांडी दांड्याखाली धरून पाहावं. होडी सरळ असताना उलांडी दोन-तीन इंच पाण्यात असली पाहिजे. पुढचा खुंट मागच्यापेक्षा इंचभर आखूड करा, म्हणजे उलांडीचं नाक उचललेलं राहील आणि लाटेत खुपसणार नाही.

मग समांतरपणा. होडीच्या मध्यरेषेपासून उलांडीच्या मध्यरेषेपर्यंत पुढे आणि मागे माप घ्या. ते सारखंच हवं. अर्ध्या इंचाचाही फरक असला तर होडी सतत एका बाजूला ओढते आणि सुकाणू धरून हात भरून येतो.

बांधणी अशी. दांडा जिथे काठावर टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, म्हणजे बांबू सरकत नाही. दोर काठाच्या पट्टीखालून आणि दांड्यावरून आठ वेढे घ्या, प्रत्येक वेढा आधीच्या शेजारी, एकमेकांवर चढता नये. पाय लावून ओढा. नंतर दांडा आणि पट्टी यांच्या मधून, या वेढ्यांनाच आवळणारे तीन-चार आडवे वेढे. पहिल्या वेढ्यांपेक्षा हे आडवे वेढे जास्त काम करतात: ते घेताना उभे दोर कुरकुरतात, आणि बोटाने छेडले तर तारेसारखे वाजतात. तो आवाज येईपर्यंत ओढा. ट्यूबच्या दीड इंची लांब पट्ट्या कापूनही अशीच बांधणी करतात. ती झटपट होते आणि लाटेचा धक्का पचवते, फक्त उन्हाने रबर चिरतं म्हणून दर मोसमात बदलावं लागतं.

ही बांधणी थोडी हलते आणि तशीच हलली पाहिजे. लाट होडीला आणि उलांडीला वेगवेगळ्या क्षणी उचलते. घट्ट बोल्टने जखडलेला सांधा तो पीळ लाकडात ढकलतो. दोर तो स्वतःत घेतो. दोन दांड्यांवर जाळं ताणून घेतलं तर बाहेर सरकायला जागा होते.

शीड, फळी, सुकाणू

चौकोनी शीड घ्या, वर परबाण (शिडाची वरची कड बांधायची काठी) आणि खाली दांडी असलेलं. ते झटकन उतरतं आणि लहानही करता येतं. मापं: पुढची कड साडेपाच फूट, वरची ८, मागची साडेबारा, खालची ८, आणि पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून शेंड्यापर्यंतचा कर्ण १२ फूट ११ इंच. सुरुवातीला जाड पांढरी ताडपत्री पुरते. वरच्या कडेला मध्यात दोन इंच आणि खालच्या कडेला तीन इंच फुगवटा ठेवून कापा. कडा सरळ ताणल्या की तोच फुगवटा शिडाचं पोट होतो. सपाट शीड वाऱ्याच्या दिशेला चढत नाही. खालच्या कडेपासून दोन फुटांवर बांधायच्या नाड्या शिवून ठेवा, शीड लहान करायला.

डोलकाठी ११ फुटी, बांबूचीच. तिचा पाय तळावरच्या ठोकळ्यात आणि वरून पुढच्या दांड्याला बांधलेली. होडीवर सगळ्यात मजबूत जागा तीच.

होडी वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून बाजूला एक फळी पाण्यात सोडायची, चौथ्या तक्त्यातले तीन थर चिकटवून केलेली, १२ इंच रुंद, पाण्याखाली दोन फूट. ती नाळेपासून सुमारे ७ फुटांवर, उलांडीच्या बाजूने. फळी पुढे-मागे सरकवता आली पाहिजे: हात सोडल्यावर होडी वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल तर फळी मागे घ्या, वाऱ्यापासून दूर पळत असेल तर पुढे. अगदी हलकेच वाऱ्याकडे वळणारी होडी सुरक्षित, कारण माणूस पडला तर ती स्वतःच थांबते. सुकाणूऐवजी मोठं वल्हं धरूनही दिशा देता येते, आणि शिकताना मी तेच सुचवेन.

पाण्यात

पहिले काही दिवस फक्त वल्हवा. मग छातीभर पाण्यात, डोलकाठी काढून, होडी मुद्दाम उलथवा आणि सरळ करायला शिका. उलट्या होडीच्या पाठीवर उभं राहायचं, दांड्याला बांधलेला दोर धरून उलांडीच्या विरुद्ध दिशेला मागे झुकायचं. दुसऱ्याने पाण्यातून उलांडी वर ढकलायची. ती डोक्यावरून फिरून पलीकडे पडते. हे जमल्याशिवाय शीड चढवू नका. प्रत्यक्ष वेळ आली तर आधी शीड सोडवा, आणि काही झालं तरी होडी सोडून पोहत निघू नका.

शीड चढवल्यावर दामण, म्हणजे शीड आत-बाहेर करणारा दोर, कधीही गाठ मारून ठेवायचा नाही. तो हातातच हवा. उलांडी वाऱ्याकडे असेल तर माणूस दांड्यावर बाहेर. ती उठली की दामण सैल. उलांडी वाऱ्याआड असेल तर माणूस विरुद्ध काठावर आणि थोडा मागे, म्हणजे तिचं नाक बुडणार नाही. ओरू आणि मायक्रोनेशियातल्या होड्या उलांडी कायम वाऱ्याकडे ठेवतात आणि दिशा बदलताना नाळ व मागचं टोक यांची अदलाबदल करतात. आपली होडी तसं करत नाही, म्हणून उलांडी या क्षणी कुठल्या अंगाला आहे हे डोक्यात पक्कं हवं.

वळण्यातही हाच फरक जाणवतो. उलांडी पाण्यात ओढ धरते, त्यामुळे होडी तिच्या बाजूला चटकन वळते. उलांडी वाऱ्याकडे असताना नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं सोपं. वाऱ्याआड असताना आधी वेग घ्या, मग वळा, आणि अडकली तर वल्ह्याचे दोन फटके मारा. जोराच्या वाऱ्यात पाठीमागून वारा घेत शीड पलटू देऊ नका. त्याऐवजी वाऱ्याकडूनच फेरा घाला.

वेळ निवडताना कोकणातले दोन वारे ओळखा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, सुखद असतो आणि नवशिक्याला बाहेर घेऊन जातो. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि बहुधा तोच घरी आणतो, पण तो उशिरा आला तर परतीचं सगळं अंतर वल्हवावं लागतं. म्हणून सुरुवात खाडीच्या आत करा. भरतीचा अंदाज तिथीवरून: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. हा ठोकताळा आहे, निघण्यापूर्वी भरतीचं कोष्टक पाहाच. देवबागला कर्ली समुद्राला मिळते तशा मुखांशी ओहोटी जोरात बाहेर आणि खारा वारा आत अशी गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा वेळी मुखाकडे जायचं नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, पाणी उपसायचा डबा आणि दोन वल्ही होडीला बांधलेली, मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. होडी पाण्यात उतरवण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात नोंदणीचं विचारून घ्या, आणि तिथल्या रापणकरांशी, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी, बोला. खडक आणि बदलणारे वाळूचे बांध त्यांना ठाऊक असतात.

मे संपता संपता होडी वर काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते आणि त्या दर्यात आपल्या होडीचं काम नाही. सगळे दोर सोडा, दांडे सावलीत आडवे टांगा, कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा, रंगाखाली काळा डाग दिसेल तिथे खरवडून लाकूड कोरडं करा. पावसाळ्यानंतर बांधणी नव्या दोराने करा.